बिनगव्हाचा केक, राजापूरच्या चुलीवरचा

मैत्रिणींनो, कोकणात कशाला जायचं असं कुणी विचारलं, तर आपली उत्तरं ठरलेली असतात. मे महिन्यात आंब्यांसाठी, भाद्रपदात गणपतीसाठी आणि एरवी समुद्रासाठी, माशांसाठी. केक शिकण्यासाठी कोकणात गेलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मी त्यासाठीच गेले होते. आणि तेही समुद्रापासून दूर, राजापूर तालुक्यातल्या एका आडगावी, जिथे बेकरी तर नाहीच, पाववालाही मनात आलं तर येतो.

कारण सांगते. माझी नात आठ वर्षांची आहे, आणि तिला गहू चालत नाही. 'चालत नाही' म्हणजे पचायला जड जातो, असं नव्हे. गव्हात ग्लुटेन नावाचं जे प्रथिन असतं ते पोटात गेलं, की तिच्या आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सीलिॲक म्हणतात या दुखण्याला. दोन वर्षं आम्ही तिला जंताची औषधं नि लोहाची बाटली देत राहिलो. उंची जागची हलेना, पोट नगाऱ्यासारखं नि हातपाय काड्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा कण काढून पाहिला, तेव्हा निदान झालं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव, राय ही धान्यं जन्मभर बंद, हाच उपाय. आणि त्याचा गुणही असा, की वर्षभरात पोरीचे फ्रॉक आखूड झाले!

तब्येतीची काळजी अशी मिटली, पण पंगतीची सुरू झाली. आपल्याकडे मूल जिथे जाईल तिथे त्याच्या हातावर काही ना काही ठेवतात. वाढदिवसाला केक, शाळेत बिस्किट, देवळात शिरा. प्रत्येक वेळी या पोरीने 'नको' म्हणायचं आणि समोरच्याने 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणायचं. शहरातल्या मोठ्या दुकानांतून ग्लुटेन-फ्री म्हणून पाकिटं मिळतात, नाही असं नाही. पण किंमत ऐकली की आपलाच हात मागे येतो, आणि चव म्हणाल तर लाकडाचा भुसा बरा. कार्तिकात तिचा वाढदिवस येतो. तिला एकच हवं होतं. आपल्यासाठी वेगळ्या बशीत काही नको, जो केक आपण कापू तोच सगळ्यांनी खायचा.

तेव्हा मला मामी आठवल्या. ह्यांच्या सख्ख्या मामी, वय ऐंशीच्या पुढे. लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला तवशाचं धोंडस खाऊ घातलं होतं. तवसं म्हणजे पावसाळ्यात कोकणात वेलावर होते ती हातभर लांब, जाडजूड काकडी. तिचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं एकत्र करून, वर विस्तव, खाली विस्तव ठेवून भाजलेली ती जाड वडी. केक म्हणा हवं तर. त्यात गव्हाचा कण नाही, अंडं नाही, पावडर नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

सहामाही परीक्षा संपल्या त्या दिवशीच नातीला घेऊन निघाले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि आम्हां बायकांचा घाटातल्या वळणांचा नि लिंबू हुंगण्याचा त्रास वाचला. दिवसाची गाडी घ्या, खिडकीची जागा धरा. चिपळूण गेलं की बोगदे लागतात. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. नातीने तो घड्याळ लावून मोजला. आश्विनातलं कोकण मला आंब्याच्या दिवसांपेक्षाही आवडतं. भाताची खाचरं पिवळी झालेली, कुठे कापणी चाललेली, कुठे उडव्या रचलेल्या, आणि गाडी उभी राहिली की कापलेल्या पेंढ्याचा ओलसर गोड वास थेट डब्यात. वडे, कटलेट घेऊन पोरं फिरत होती. कटलेटला पावाचा चुरा असतो, वड्याच्या तेलात आधी काय तळलं ते देवाला ठाऊक. आमच्याकडे दडपे पोह्यांचा डबा आणि राजगिऱ्याचे लाडू होते. अशा मुलांना घेऊन प्रवास करायचा तर उपासाचे पदार्थ फार उपयोगी पडतात, बरं का! साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, कशातही ग्लुटेन नाही. आपल्या आज्यांनी एकादशीसाठी जी यादी केली ती अशी दुसऱ्याच कामाला आली.

राजापूर रोड स्टेशन मूळ गावापासून बरंच लांब आहे. तिथून रिक्षा, मग एस.टी., मग दहा मिनिटं पाखाडी उतरून चालणं. राजापूर म्हटलं की लोक तीन-तीन वर्षांनी येणारी गंगा आणि उन्हाळ्याची गरम पाण्याची झरी पाहायला येतात. तुम्ही गेलात तर तुम्हीही पाहा. मी या खेपेला वाटच वाकडी केली नाही.

मामींचं घर जुनं, चिऱ्याचं. ओटी, माजघर, मागे पडवी आणि परसू. माजघरात शिरल्यावर नातीने वर पाहिलं नि ती ओरडलीच. आढ्याला सुंभाच्या शिंकाळ्यांत तवशी टांगलेली, पिकून पिवळीधमक. अशी टांगली की ती महिनोन् महिने टिकतात. साल जून होते, आतला गर रसाळ राहतो. पावसाळ्यातलं फळ शिमग्यापर्यंत पुरवण्याची ही युक्ती.

आता खरी गंमत, किंवा खरी अडचण, ऐका. आम्ही येणार म्हणून मामींच्या सूनबाईंनी सकाळीच धोंडस करून ठेवलं होतं. हातपाय धुऊन बसलो तर समोर बशा. तपकिरी कडा, वर काजू, वेलचीचा वास. मी काही बोलायच्या आत नात म्हणाली, "मामीआजी, यात रवा कसला आहे?"

मामी हसल्या. "अगो, रवा तो रवा. कसला म्हणजे काय?"

सूनबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या बिचाऱ्या खरं तेच म्हणाल्या, "वहिनी, तांदळाचा रवा दळून आणायला जमलं नाही. दुकानातला बारीक रवा घातलाय. हल्ली सगळ्याच तसं करतात, हलकं होतं नि झटपट."

दुकानातला बारीक रवा म्हणजे गव्हाचा. नातीने बशी हळूच पुढे सरकवली, तिला त्याची सवय आहे. मामींना मात्र ते लागलं. पाहुणं पोर दारात आलं नि घरचं गोड त्याला खाता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या पिढीला सोसणारी नव्हे. त्या रात्री जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भात, पोर पोटभर जेवली. पण मामी गप्पच होत्या. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "उद्या जातं काढू."

मैत्रिणींनो, माझ्या या प्रवासातून तुमच्या हाती एकच गोष्ट लागायची असेल तर ती नातीचा हा प्रश्न. कसला रवा? धोंडस, सांदणं, घारगे, कोकणातले हे सगळे पदार्थ मुळात तांदळाचे. गहू इथे पिकत नाही, आणि एके काळी तो सणासुदीपुरता विकत आणायचं धान्य होता. पुढे रवा, मैदा गल्लोगल्ली मिळू लागला आणि जुन्या नावाखाली नवं पीठ शिरलं. नाव तेच, वास तोच, रंगही जवळपास तोच. तेव्हा नावावर विसंबू नका. बाजारातलं 'इडली रवा' म्हणून येणारं पाकीट तांदळाचं असतं, 'बारीक रवा' नि 'जाड रवा' गव्हाचा, आणि लापशी रवा म्हणजे तर गव्हाचाच भरडा. गोव्याला गेलात तर तिथेही हाच प्रश्न विचारा. तिथलं प्रसिद्ध बेबिंक मैद्याचं, बाथ रव्याचा. दोदोल तांदळाच्या पिठाचा, गूळ नि नारळाचं दूध आटवून केलेला, तो चालेल. तरी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी मामींनी जुने तांदूळ काढले. नवे भात दारात येऊन पडलेलं असताना जुने कशाला, असं मी विचारलं. नव्या तांदळाला चिकी फार असते, मोदकाच्या उकडीला ती हवी, पण धोंडसाला नको, ते गिच्च होतं. आणि तांदूळ साधे, उकडे नव्हेत. दोनदा धुऊन सुती कापडावर सावलीत पसरले. तासाभराने हाताला दमट लागतील न लागतील असे झाल्यावर जात्यात घातले.

हे जातं माजघराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं नुसतं बसून होतं. मी विचारलं, "मामी, गावात चक्की आहे ना, तिथे का नको?" तर सूनबाईंनीच उत्तर दिलं. रात्री त्यांनी हे सगळं मला खोदून खोदून विचारून घेतलं होतं. "वहिनी, चक्कीवर सकाळपासून गहू दळतात. आपले तांदूळ मागाहून पडले की आधीचं पीठ त्यात येणारच." किती खरं! आपण शहरात हीच गोष्ट विसरतो. गिरणीच्या दगडात, नळीत, पिशवीत मागल्या बाईचं पीठ शिल्लक असतं, आणि असल्या मुलांना चिमूटभरही नडतं. ज्या पदार्थाच्या एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही त्यालाच आपल्या देशात ग्लुटेन-फ्री म्हणता येतं. वीस मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे मोजके खडे, आणि ते किलोभर पिठात! जातं नसेल तर घरचं मिक्सर वापरा, पण भांडं नि झाकणाची रबरी चकती काढून धुवा. चाळणी मात्र वेगळीच ठेवा. गव्हाच्या चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही.

आता कृती. दोन वाट्या तांदळाचा रवा, चार वाट्या तवशाचा कीस, दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, चार चमचे साजूक तूप, अर्धा चमचा मीठ, सात-आठ वेलदोड्यांची पूड, मूठभर काजू. तवसं चिरल्यावर आधी दोन्ही टोकांकडचा तुकडा चाखून पाहा. कडू निघालं तर ते सगळं फेकून द्या, गुळाने कडूपणा झाकत नाही. साल नि बिया काढून किसायचं आणि सुटलेलं पाणी मुळीच फेकायचं नाही. या पाण्यातच रवा शिजतो. रवा अर्ध्या तुपावर मंद आचेवर खमंग भाजायचा, पण रंग पालटू द्यायचा नाही. दुसऱ्या पातेल्यात कीस, त्याचं पाणी आणि गूळ उकळवायचं. गूळ विरघळला की मीठ, खोबरं, वेलची घालून रवा हळूहळू सोडत ढवळायचं. झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. मिश्रण शिऱ्यापेक्षा सैल हवं. घट्ट झालं तर अर्धी वाटी नारळाचं दूध.

मामींनी जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावून तळाशी हळदीची पानं अंथरली, त्यावर मिश्रण थापलं, वर काजू दाबले. चुलीतला जाळ ओढून नुसते निखारे ठेवले. पातेल्यावर सपाट जड झाकण आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे. "खालचा विस्तव कमी, वरचा जास्ती," त्या म्हणाल्या, "खाली लागलं तर कळत नाही, वरचं दिसतं." पाऊण तासाने झाकण उचललं तेव्हा कडा सुटून आल्या होत्या आणि वर तांबूस कवच धरलं होतं. नात सुरी घेऊन तयार! पण मामींनी हात लावू दिला नाही. धोंडस पूर्ण निवल्याशिवाय कापायचं नाही, दुसऱ्या दिवशी कापलं तर आणखी चांगलं.

निवू का द्यायचं यात शास्त्र आहे, आणि ते कळलं की तुम्ही आपल्या मनाने हवे ते पदार्थ बसवू शकाल. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पाव फुगतो, पोळी लाटता येते, ते त्या जाळ्यामुळे. तांदळात ते नाही, म्हणून तांदळाच्या पिठाचा पाव हवा धरत नाही नि कच्च्या पिठाची पोळी फाटते. पण तांदळात स्टार्च भरपूर. ते पाण्यात गरम झालं की फुगून चिकट होतं आणि थंड होताना घट्ट बसतं. मोदकाची उकड वळता येते ती त्यामुळेच. धोंडस उभं राहतं ते या बसलेल्या स्टार्चवर. गरम असताना कापाल तर लगदा, निवल्यावर कापाल तर सुबक वडी. म्हणजे गव्हाविना भाजायचं तर गव्हाची नक्कल करायला जाऊ नये. फुगणारा, जाळीदार केक सोडून द्यावा आणि दाट, ओलसर, फळाच्या रसावर शिजलेला पदार्थ धरावा. आपल्या बायकांना हे ग्लुटेन हे नाव ऐकण्याआधी ठाऊक होतं, पण ती गरज म्हणून नव्हे, घरात तांदूळ होते म्हणून.

या दुखण्याचं मूळ गव्हात आहे हे कळलं कसं, ती हकिगतही सांगण्यासारखी आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धात, तिथे भीषण उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. सगळे लोक खंगत असताना या दुखण्याची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी, १९२४ पासून, अमेरिकेत सिडनी हास नावाचे डॉक्टर अशा मुलांना केळी खाऊ घालून जगवत होते. गुण केळ्यांचा नव्हता, पाव बंद झाल्याचा होता, हे कुणाला कळत नव्हतं इतकंच.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरी सत्यनारायण होता. तुम्हांला ठाऊकच आहे, सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रवा, तूप, साखर, दूध, केळं सगळं सव्वाच्या मापाने घेऊन केलेला शिरा. घरच्या बाईंनी द्रोणात शिरा घेऊन नातीपुढे धरला. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं तोच बाई म्हणाल्या, "देवाचा प्रसाद आहे हो, कणभर घेऊ दे. प्रसादाने कुणाला काही होत नाही." आजूबाजूला दहा बायका बसलेल्या. प्रसाद नाकारणं म्हणजे काय, ते मी तुम्हांला सांगायला नको. आणि बाई वाईट नव्हत्या, मायेनेच सांगत होत्या. ही माया परतवणं सगळ्यांत कठीण असतं.

मामी कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. त्या उठल्या, गुडघे धरत चौरंगापाशी गेल्या, देवापुढच्या फळांतलं एक केळं उचललं, हळदकुंकवाला टेकवलं आणि नातीच्या हातात दिलं. म्हणाल्या, "हाही प्रसादच. खा गो." आणि शिऱ्याचा द्रोण घेऊन स्वतः खाल्ला. कुणी चकार शब्द काढला नाही. नातीने केळं सोलून तिथेच खाल्लं, आणि मग त्या घरच्या बाईंनी आपणहून फळांचं ताट तिच्यापुढे केलं.

तुमच्या घरात, नात्यात असं मूल असेल तर वडीलधाऱ्यांपैकी एक माणूस असं आपल्या बाजूला करून घ्या. आईने सांगितलं की ती हल्लीची फॅडं ठरतात. आजीने केळं उचललं की तो रिवाज होतो. पुन्हा एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल खंगतंय, पोट बिघडतंय, लोह देऊनही अंगात रक्त भरत नाही, असं दिसलं तर आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गहू आधीच सोडला तर तपासणीत दुखणं सापडत नाही. आणि निदान झाल्यावर मात्र स्वयंपाकघरातले छुपे गहू शोधून काढा. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात गहू नाहीतर जव असतोच. पोळपाट, लाटणं आणि लाकडी उलथनं त्या मुलापुरतं निराळं ठेवा.

आता चूल नसलेल्या आपल्यासारख्यांनी काय करायचं? ओव्हन असेल तर प्रश्न नाही. १८० अंशांवर पन्नास मिनिटं, शेवटची दहा मिनिटं वरची आच. ओव्हन नसेल तर जाड कढईत दोन बोटं स्वच्छ वाळू तापवा, त्यावर धोंडसाचं भांडं ठेवून झाकण लावा आणि मंद आचेवर तासभर भाजा. वरचं कवच येत नाही, ते आणण्यासाठी निवल्यावर तूप लावलेल्या तव्यावर पालथं घालून थोडं शेकायचं. तवसं शहरात मिळालं नाही तर मोठी जून काकडी किंवा लाल भोपळा चालतो. अननसही छान लागतो, पण तो बारीक चिरून आधी गुळात शिजवा.

मुलांना पार्टीत हवं असतं ते टार्टसुद्धा जमतं. इथे स्टार्च शिजवायला पाणी नाही, म्हणून वेगळी तोड काढावी लागते. एक वाटी तांदळाची बारीक पिठी, अर्धी वाटी काजूची पूड, दोन चमचे घरी दळलेली साखर (विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी दुसरं पीठ मिसळलेलं असतं), चिमूटभर मीठ आणि पाऊण मूठ थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करा. एक चमचा इसबगोल तीन चमचे पाण्यात भिजवला की खळीसारखा होतो, तो घालून गोळा करा. ग्लुटेनच्या लवचीकपणाची थोडी भरपाई हा इसबगोल करतो. बद्धकोष्ठाचं औषध म्हणून कपाटात असतो ना, तोच! हा गोळा लाटायला मात्र जाऊ नका, फाटेल. साच्यात बोटांनीच दाबून बसवा, काट्याने टोचा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं कडा तांबूस होईपर्यंत भाजा. निवल्यावरच साच्यातून काढा आणि आटवलेला आंब्याचा रस किंवा अननसाचा मुरंबा भरा. भरल्यावर फार वेळ ठेवू नका, तळ मऊ पडतो.

नातीच्या वाढदिवसाला मात्र धोंडसच झालं. गोल भांड्यात भाजून, वर ओल्या नारळाची नक्षी काढून, मेणबत्त्या लावल्या. पंधरा मुलं होती. एकाने विचारलं, "हा कसला केक?" ती म्हणाली, "काकडीचा." दोघांनी नाकं मुरडली, बाकीच्यांनी खाल्ला, आणि त्या दोघांपैकी एक मागून येऊन घेऊन गेला. उरलं ते बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं. खाण्यापूर्वी जरा वाफवून घ्या, म्हणजे घट्ट झालेलं पुन्हा मऊ होतं.

निघताना मामींनी बजावलं होतं, मे महिन्यात ये, बरक्या फणसाची सांदणं शिकवते. ती कृती मी फोनवरून लिहून घेतलीच आहे. दोन वाट्या तांदळाचा रवा, दोन वाट्या बरक्या गऱ्यांचा चाळणीतून गाळलेला रस, एक वाटी गूळ, एक वाटी नारळाचं दूध आणि मीठ, सारं कालवून तीन तास झाकून ठेवायचं आणि इडलीसारखं वीस मिनिटं वाफवायचं. कापा फणस घेऊ नका, त्याचा रस निघत नाही. खाताना वरून नारळाचं दूध किंवा साजूक तूप. हाच रस तवशाऐवजी वापरला की फणसाचं धोंडस होतं. फक्त गूळ पाऊण वाटीच घाला, कारण फणस मुळातच गोड असतो.